पापुद्रे मास्तर

त्यांचं खरं आडनाव तेरवणकर. पण आमच्या गिरगावात तेरवणकर मास्तरांचं बिऱ्हाड कुठं म्हणून विचारलंत, तर लोक तुमच्याकडं नुसते बघत राहायचे. तेच पापुद्रे मास्तर म्हणालात की तीन जण तीन बाजूंनी हात करून एकच चाळ दाखवायचे, आणि चौथा तुम्हाला सोडायला थेट जिन्यापर्यंत यायचा. आज मास्तरांनी नवीन काय करून ठेवलंय, हे त्यालाही बघायचं असायचं.

मी त्यांच्या समोरच्याच खोलीत राहायचो आणि त्यांच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर. प्लेगच्या आधीची, रस्त्यातून घोड्यांची ट्राम खुळखुळत जायची तेव्हाची ही गोष्ट. आता दुपारी झोप येत नाही म्हणून मी आठवत पडतो आणि एकटाच फिदीफिदी हसतो. सून आत येऊन विचारते, मामंजी, काय झालं? काय सांगू तिला, कपाळ!

मास्तर उंच, हडकुळे, सदा घाईत. चालताना छत्री पुढं आणि मास्तर तिच्या मागं. उजव्या हाताचा अंगठा कायम पिवळाजर्द, त्यामुळं नवीन माणूस त्यांना हटकून विचारायचा, काय मास्तर, या वयात हळद? मास्तर शांतपणे सांगायचे की ही हळद नव्हे, शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड आहे, आणि मग तेजाबाबद्दल पाऊण तास सांगायचे. त्यानंतर तो माणूस कुणाच्याच अंगठ्याची चौकशी करत नसे.

शाळेत ते सृष्टिज्ञान शिकवायचे. झाड काय, माणूस काय, सगळे बारीक बारीक खोल्यांचे बनलेले असतात आणि त्या खोलीला पेशी म्हणतात, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं. त्या पेशीतल्या रसाला बाहेरून एक आवरण असतं की नसतं, यावर विलायतेतल्या पंडितांचं भांडण चाललं होतं. काही म्हणायचे असतं, पण ते इतकं पातळ की कुठल्याही यंत्रातून दिसायचं नाही. काही म्हणायचे, जे दिसत नाही ते नाहीच. आता विलायतेतल्या भांडणात गिरगावच्या माणसानं पडायचं काय कारण? पण मास्तर पडले, आणि आवरणाच्या बाजूनं कमरेला उपरणं बांधून पडले.

आधी त्यांना त्या आवरणाला मराठी शब्द हवा होता. दोन महिने त्यांनी शब्दापायी आमचा जीव खाल्ला. त्वचा म्हणावं तर पुराण ऐकल्यासारखं वाटतं, पडदा म्हणावं तर नाटक सुरू होणारसं वाटतं, कात सापाची, साल केळ्याची. न्हावी हजामत करत असताना त्यालाही विचारून झालं, आणि त्या दिवशी मास्तरांच्या गालाला कापलं. शेवटी एकदा जेवताना काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तव्यावरची पोळी उलटत सहज म्हणाल्या, ‘आज पापुद्रा छान सुटलाय.’ मास्तर उष्ट्या हातानं उठले आणि तसेच माझ्या दारात येऊन उभे राहिले. शब्द मिळाला होता. पोळी गार झाली आणि काकू गरम झाल्या.

त्यांचं एक पालुपद होतं. तुम्ही काहीही सांगितलंत की ते विचारणार, ‘पाहिलं की वाटलं?’ दुधवाला म्हणाला, आज म्हशीची तब्येत नाही. पाहिलं की वाटलं? हेडमास्तर म्हणाले, सातवीतली मुलं माजली आहेत. पाहिलं की वाटलं? एकदा काकूंनी आतून हाक मारली की, अहो, दारात तुमच्या मामेबहिणीचे यजमान आलेत. मास्तर पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले, ‘पाहिलंस की वाटलं?’ बिचारे यजमान दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, ‘मला तरी मी आल्यासारखं वाटतंय.’

माझी तर त्यांनी याच प्रश्नावर पार दैना केली. परळच्या एका गिरणीवाल्या शेटनं आमच्या शाळेला एक पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र दिलं होतं. हेडमास्तरांनी ते कपाटात कुलपात ठेवलं होतं, मास्तरांनी गोड बोलून किल्ली काढून घेतली. मग रोज दुपारच्या सुट्टीत, खिडकीपाशी, उन्हाच्या तिरिपीत दोघंही आम्ही. ते लाल कांद्याचं पातळ सालपट काचेवर ठेवायचे आणि मी डोळा लावून चित्र काढायचं. पहिलं चित्र मी फार मन लावून काढलं. विटांच्या भिंतीसारख्या पेशी, आत जांभळट रस, आणि रसाभोवती एक नाजूक, सुबक रेघ. मास्तर रेघेवर पिवळा अंगठा ठेवून म्हणाले, ‘मंगेशराव, बाहेरची भिंत जाड आहे, ती मलाही दिसते. पण ही आतली रेघ तुम्ही पाहिलीत?’

मी म्हणालो, मास्तर, रेघ काढल्याशिवाय रसाचा आकार कसा कळेल?

‘म्हणजे ही रेघ पेशीत नाही, तुमच्या पेन्सिलीत आहे.’

असा राग आला मला! माझी अख्खी कला म्हणजे रेघ. आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच खोडरबर घेऊन आले आणि म्हणाले की रेघ खोडा, पण पेन्सिलीवर राग धरू नका.

आवरण दिसत नाही तर नाही, मग ते आहे कशाचं, याचा मास्तरांनी ध्यास घेतला. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की अंड्याच्या पांढऱ्या भागात तेलाचा थेंब सोडला तर त्या थेंबाभोवती आपोआप सुरकुतलेलं कातडं धरतं. झालं. आता आमची चाळ ही नखशिखांत ब्राह्मणांची. मी एकटाच काय तो मासे खाणारा शेणवी, तो कोपऱ्यात, सगळ्यांनी पोटात घातलेला. तिथं अंडं आणायचं कसं? मास्तरांनी ते मिटलेल्या छत्रीत घालून आणलं. सगळं नीट झालं असतं, पण चौकातल्या नळापाशी सोवळ्यातल्या बायका घागरी भरत होत्या, तिथं पोचल्यावर मास्तरांना ऊन लागलं आणि त्यांनी सवयीनं छत्री उघडली.

पुढचा आरडाओरडा मी लिहू शकत नाही. मास्तर बाटले, मास्तर पाद्र्याच्या नादी लागले, इथवर मजल गेली. चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी सभा भरवली. मी मास्तरांच्या कानात सांगितलं की म्हणा, छत्री ट्राममध्ये बदलली. सगळ्यांनाही तेच ऐकायचं होतं, सुटका हवी होती. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले की अंडं माझंच, खाण्यासाठी नव्हे, त्यात तेल सोडून यंत्राखाली बघायचं होतं. याआधी दोन अंडी शाळेत नेऊन झाली, हे तिसरं. दोनांचं कुणाला ठाऊकच नव्हतं! काकूंनी पंधरा दिवस त्यांचं पान बाहेरच्या ओटीवर मांडलं.

तिथं ओटीवर बसून दूध पिताना मास्तरांची नजर सायीवर गेली. साय तरी काय, थेंबावर धरणारं कातडंच की. त्यांनी साय उचलून टीपकागदात दाबली. तूप कागदानं शोषलं, आणि मागं एक कोरडं, चिवट, कुरकुरीत काहीतरी उरलं. त्यावर तेजाबाचा थेंब टाकला तर ते पिवळं झालं. अंड्याचा पांढरा भागही तेजाबानं पिवळाच व्हायचा, आणि अंगठा तर होताच. मास्तर माझ्या खोलीत येऊन नाचायचेच बाकी राहिले. ‘मंगेशराव, सायीतलं हे, अंड्यातलं ते आणि माझं कातडं, तिघांचं गोत्र एक. पापुद्राही असाच असावा. थोडं तुपासारखं, थोडं हे.’ मग लगेच स्वतःला आवरून म्हणाले, ‘वाटतं. पाहिलेलं नाही.’

या सायीच्या संशोधनात शाळेचे झाडून सगळे टीपकागद खपले. हेडमास्तरांनी इन्स्पेक्टर साहेबांना पाठवायचा अहवाल त्यातल्याच एका कागदानं टिपला, आणि अहवाल साहेबांकडं मुंग्यांसकट पोचला.

पण अंड्याचं प्रकरण इतक्या स्वस्तात मिटलं नाही. चाळीतल्याच कुणीतरी परळला जाऊन शेटच्या कानावर घातलं की तुम्ही दान दिलेल्या यंत्राखाली अंडी फोडतात. शेट कट्टर शाकाहारी, कांद्यालाही न शिवणारे. त्यांचा निरोप आला, येत्या शनिवारी मी स्वतः येतो. ज्या पापुद्र्यापायी हे सगळं चाललंय तो मला माझ्या डोळ्यांनी दाखवा, नाहीतर यंत्र परत न्यायला गाडी सोबत आणतोच आहे.

मास्तरांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, ‘यंत्र गेलं की मी नुसता बोलणारा माणूस उरेन, मंगेशराव. बोलणारे गिरगावात पुष्कळ आहेत.’ मला फार वाईट वाटलं. जो पापुद्रा जगात कुणी पाहिला नाही, तो शनिवारी परळच्या शेटना दाखवायचा कुठून?

वाट दाखवली ती आमच्या हिराबाय कोळणीनं. चौपाटीवरून ती माझ्याकडं मासळी घेऊन यायची. शुक्रवारी ती टोपली उतरवून बसली होती आणि मास्तर ओटीवर नाकाला उपरणं लावून विचार करत होते. बोलता बोलता मी तिला म्हणालो की गेल्या खेपेचा सुका बोंबील फार खारट निघाला. ती म्हणाली, मेल्या मासळीत मीठ जाणारच, त्याला ती काय करणार. आणि मग हसत म्हणाली, ‘जिती म्हावरी जल्मभर दर्यान ऱ्हाते, ती कंदी खारट झालीय?’

मास्तरांचं उपरणं नाकावरून गळून पडलं. ते उठून थेट मासळीच्या टोपलीसमोर उकिडवे बसले. सोवळ्या ब्राह्मणाला टोपलीवर वाकलेला बघून हिराबायच घाबरून मागं सरली. मास्तरांनी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदा. आणि माझ्याकडं वळून म्हणाले की शेटना पापुद्रा दाखवायचाच नाही, पापुद्रा काय करतो ते दाखवायचं. जिवंत असेतो तो मिठाला दारात अडवतो, मेला की दार सताड उघडं.

शनिवारी शेट आले. भलं मोठं पागोटं, दोन नोकर, आणि दारात खरोखरच रिकामी गाडी. हेडमास्तरांनी गुलाबपाणी शिंपडलं. मास्तरांनी कांद्याचं सालपट काचेवर ठेवलं आणि शेटना डोळा लावायला सांगितला. कांदा आहे हे कळल्यावर शेटनी आधी नाकाला रुमाल लावला, मग डोळा. मास्तरांनी मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. जरा वेळानं शेट बसल्या जागी उडाले. जांभळा रस भिंतीपासून सुटून आकसायला लागला होता, आणि त्याच्याभोवती लखलखीत कड उमटली होती. शेट ओरडले, दिसला, तुमचा पापुद्रा दिसला!

हेडमास्तरांनी टाळी वाजवली. नोकरांनी वाजवली. मीही वाजवली, कारण यंत्र वाचलं होतं. आता मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांचा अंगरखा मागून ओढला, चांगला दोनदा ओढला.

मास्तर म्हणाले, ‘शेट, तो पापुद्रा नव्हे. रंग जिथं संपतो तिथं कड दिसतेच. पापुद्रा मी पाहिलेला नाही, आणि तुम्हीही नाही.’

शेटच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मास्तरांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी गोडं पाणी सोडलं, रस पुन्हा फुगून भिंतीला टेकला. पुन्हा मीठ, पुन्हा आकसला. शेट बघतच राहिले. ‘पाणी बाहेर पडलं, पण रंग सांडला का? नाही. मीठ आत शिरलं का? नाही. कुणीतरी आत-बाहेर ठरवतंय,’ मास्तर म्हणाले. मग त्यांनी स्पिरिटचा थेंब सोडला. बघता बघता सगळ्या पेशींतला रंग फुटून पाण्यात पसरला आणि सालपट पांढरं पडलं. मास्तर हळू आवाजात म्हणाले, ‘मेला. होता म्हणूनच मेला ना, शेट?’

शेट एकदम उठले आणि त्यांनी मास्तरांना मिठीच मारली. असं काही जन्मात पाहिलं नव्हतं म्हणाले. पुन्हा दाखवा म्हणाले, चार वेळा दाखवलं. डोळे लहान मुलासारखे झाले होते त्यांचे. आणि शेवटी आनंदाच्या भरात नोकरांना म्हणाले, ‘उचला रे. हे तर आपल्या बंगल्यावर पायजे.’

दान देणाराच परत मागतोय म्हटल्यावर कोण बोलणार? हेडमास्तरांनी स्वतः पेटीची कडी लावून दिली. मास्तर इतकं छान जिंकले की यंत्र हरले. संध्याकाळी मी शाळेत गेलो तर ते रिकाम्या कपाटासमोर बसून लहान पोरासारखे रडत होते. मला बघून त्यांनी डोळे पुसायचाही प्रयत्न केला नाही. मीही शेजारी बसून रडलो. त्या गाडीला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की घोडे परळपर्यंत पोचले कसे याचंच मला नवल वाटतं.

पुढचे तीन आठवडे ते काकडीच्या फोडींना मीठ लावून वर्गाला त्यांतून सुटणारं पाणी दाखवत होते. पाठ संपला की मुलं काकडी खायची. मास्तर हसायचे, पण पाठ संपल्यावर खिडकीपाशी जाऊन उगाच उभे राहायचे.

मग एका दुपारी काही न कळवता शेट पुन्हा आले, पेटीसकट. मास्तर वर्गावर होते. शेटनी खिडकीपाशी यंत्र मांडलं, एक काच आपल्या हातानं खाली सरकवली आणि हेडमास्तरांना म्हणाले, बघा, आज काय दिसतं. हेडमास्तरांनी डोळा लावला आणि म्हणाले, वा, वा, फारच सुंदर. मग मला बोलावलं. मी बघितलं. नुसता पांढरा उजेड आणि कडेला एक डाग. दोन वर्षं त्या यंत्रातून बघून माझा डोळा तयार झाला होता, काचेवर काहीच नाही हे मला लख्ख दिसत होतं. पण मनात आलं, शेटचं पुन्हा बिनसलं तर? आणि हेडमास्तर तर आधीच सुंदर म्हणून बसलेले. मी म्हणालो, ‘कांद्याच्या पेशी आहेत, शेट. अगदी स्पष्ट.’

एवढ्यात मास्तर दारात आले. एका काखेत हजेरीबुक, दुसऱ्या काखेत छत्री, दोन्ही हात खडूनं पांढरे. यंत्र दिसताच त्यांनी ना शेटना नमस्कार केला, ना आमच्याकडं बघितलं. तसेच सामानासकट वाकले, डोळा लावला, आणि म्हणाले, ‘काच रिकामी आहे, शेट. तुमच्या बोटाचा ठसा उमटलाय तेवढा.’

शेट खुर्चीत मागं टेकले. सांगायला लागले की बंगल्यावर यंत्र नेल्यापासून त्यांना त्यात स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसेना. पण मेव्हण्याला दिसायचं, मुनीमजींना दिसायचं, डॉक्टरांना तर शेटपेक्षा दुप्पट दिसायचं. शेवटी वैतागून त्यांनी रिकामी काच लावली, तरी सगळ्यांना दिसलंच. म्हणाले, ‘मास्तर, माझ्याकडं खूप माणसं हायत. नाही दिसलं तर नाही म्हणणारा एक पण नाही. हे यंत्र हितंच ऱ्हाऊ दे. मी शनवारी येत जाईन.’

मग ते आमच्याकडं वळले. हेडमास्तरांना शेजारच्या वर्गात काहीतरी तातडीचं काम आठवलं. उरलो मी. शेटनी माझ्याकडं बोट करून मास्तरांना विचारलं, ‘आणि या तुमच्या ड्रॉइंग मास्तरांना कांद्याच्या पेशी दिसल्या, त्या कुठल्या?’

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शेटकडं. हजेरीबुक काखेतून खाली पडलं.

‘ह्यांनी बघितलं तेव्हा काचेवर कांदा होता, शेट,’ मास्तर म्हणाले. ‘मग... मग मीच तो काढून घेतला.’

आत्ताच तर आले होते! एक काख छत्रीत अडकलेली, हात खडूनं भरलेले, कांद्याचा पत्ता नाही. त्यांचे कान इतके लाल झाले की मला माझ्या शरमेपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली. शेट आधी बघतच राहिले, मग पागोटं सावरत पोट धरधरून हसले, मला काही न बोलता उठले आणि हसतच जिना उतरून गेले.

मास्तर मात्र माझ्याकडं वळेचनात. ते पुन्हा यंत्रावर वाकले, डोळा घट्ट लावला, आणि त्या रिकाम्या काचेत किती तरी वेळ बघत राहिले.